जांभळ्या छत्रीची आत्या

४ फेब्रुवारी

चि. तराजूस,

अ. आ. वि. वि. तुझं पत्र पोचलं. भाजीवाल्याच्या काट्याखाली तुला लोहचुंबक सापडलं हे वाचून बरं वाटलं. सरकारने तुला वजनमापं तपासायला ठेवलं नसतं तर तू फुकटसुद्धा तपासत हिंडला असतास.

इकडे दुकानात काम गळ्यापर्यंत आलंय. सगळ्या गावाचं पोट एकदम सुटलंय की काय कोण जाणे, जो येतो तो पँटची कंबर सैल करून मागतो. कुणी कबूल मात्र करत नाही, प्रत्येकाची पँट धुऊन आटलेली असते.

आता मुद्द्याचं लिहिते, आधी खाली बस. समोरच्या चष्मेवाल्यांनी मला मागणी घातली. वर्षभर हे गृहस्थ कोटाची तुटलेली बटणं घेऊन येत होते. एका माणसाची इतकी बटणं कशी तुटतात याचं मला नवल वाटायचं. मग पाहिलं तर धागा झिजलेला नसून चक्क कात्रीने कापलेला. मी विचारलं, तेव्हा कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले की आता कोटाला बटणंच उरली नाहीत, तर सरळ विचारतो, लग्न कराल का. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. पंचावन्नाव्या वर्षी असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी हो म्हणणार तेवढ्यात काकूला कळलं. वरच्या मजल्यावर राहते, पण कान तिने माझ्याच दुकानात ठेवलेले असतात. ती म्हणाली की तुझा नवरा जाऊन चार वर्षं झाली म्हणून काय झालं, त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. त्यांना कसं विचारायचं म्हटलं, तर ती एका माणसालाच घेऊन आली. सगळे त्यांना परलोकवाले म्हणतात. पूर्वी दारोदार धूळ ओढणारी झाडूची यंत्रं विकायचे, आता मेलेल्यांशी बोलतात. दर गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवून माझ्या ट्रायल रूममध्ये पडदा ओढून बसतात. तिथे अंधारही आहे आणि स्टूलही. काकूच्या चार मैत्रिणीही येतात, आणि चहाबिस्किटं अर्थातच माझी.

हसू नकोस. पहिल्याच गुरुवारी त्यांनी तुझ्या भावजींना आणलं. माझ्या अंगावर काटा आला. चार वर्षांनी कुणी मला "अगं ऐकलंस का" म्हणालं रे.

लग्नाचं अजून विचारलेलं नाही, पुढच्या गुरुवारी विचारणार. पण तुझं काय मत आहे ते मला कळव. आईवडील नाहीत, आता मला विचारायला तूच आहेस.

भावजयीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच मुरत राहो.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसलो.

ताई, तू शहाणी बाई ना गं? झाडूची यंत्रं विकणारा माणूस परलोकात कुणाच्या ओळखीने शिरला? हे लोक काय करतात ते मी सांगतो. आधी हवेत खडा टाकतात. घरात कुणाचे तरी गुडघे दुखतात, म्हणतात. अगं, कुठल्या घरात दुखत नाहीत? मग समोरच्याचा चेहरा बघतात. चेहरा हलला की तोच धागा ओढायचा, नाही हलला तर आत्मा अजून नीट पोचलेला नाही म्हणायचं. दुकानदार पारड्याला हळूच अंगठा लावतो ना, तसंच हे. वजन मालाचं नसतं, अंगठ्याचं असतं. वीस वर्षं मी अंगठे पकडतोय.

आणि भावजी बोलले म्हणतेस. आपले भावजी? जन्मभर ग्रंथालयात "शांतता राखा"च्या पाटीखाली बसलेला माणूस? त्यांना शिंक आली तरी ते बाहेर जाऊन शिंकायचे. लग्नाच्या फोटोतही फोटोग्राफरशी ते कुजबुजतच बोलले होते.

माझं ऐक, परीक्षा घे. त्यांना विचार की घरच्या कपाटाच्या वरच्या खणात काय आहे. विचार की तुझ्या पहिल्या शिलाई मशीनचा रंग कोणता होता. हे विचारताना तोंड दगडासारखं ठेव आणि काकूला बाहेर बसव, कारण ती पुटपुटते. निकाल मला सविस्तर कळव. मी इथे तक्ता करून ठेवला आहे.

बाकी ठीक. हिने पडदे बदलायचं काढलं आहे, माझा विरोध आहे.

पत्राची वाट पाहतो, आणि आशीर्वादाचीही.

तुझा,
भाऊ

२० फेब्रुवारी

चि. तराजूस,

अ. आ. वि. वि. घेतली बाबा तुझी परीक्षा. कपाटाच्या वरच्या खणात काय आहे विचारलं, तर तुझे भावजी म्हणाले की तिकडे गेल्यावर माणूस कपाटांच्या पलीकडे जातो. मशीनच्या रंगाचं विचारलं, तर म्हणाले, तिकडे सगळे रंग एकच दिसतात. काकूला बाहेर बसवलं होतं, तिने पडद्यातून ओरडून सांगितलं की मशीन हिरवं होतं. लगेच यांना आठवलं.

आणि बोलतात म्हणजे किती बोलतात! घसा खरवडून, टेबलावर थापा मारत. मध्येच आल्याची बिस्किटं मागतात. ती परलोकवाल्यांच्या तोंडून खाल्ली की तिकडे पोचतात म्हणे. गुरुवारी अख्खा पुडा पोचला.

मग मी लग्नाचं विचारलं. टेबल गडगडलं आणि आवाज आला की मुळीच नाही, मला हे पसंत नाही, तू दुकान आणि ही ट्रायल रूम सोडून कुठे जायचं नाहीस. काकूने विजयाने माझ्याकडे पाहिलं. मैत्रिणींनी डोळे पुसले.

मला खूप लागलं रे. चष्मेवाल्यांना मी थांबायला सांगितलंय. त्या दिवशी त्यांनी दुकानाची पाटी दोनदा पुसली. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. तेवीस वर्षांच्या संसारात यांनी मला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. भिंतीला कोणता रंग देऊ विचारलं की "तू बघ". सुट्टीत कुठे जायचं विचारलं की "तू बघ". मी चिडायची, तरी "तू बघ"च. आणि आता मेल्यावर मात्र मुळीच नाही!

तुझ्या तक्त्यात काय लिहायचं ते लिही. आणि फार शहाणपणा करू नकोस. लहानपणी मुरांब्याची बरणी फोडून कुणीतरी बाई आली होती, ती फोडून गेली म्हणून शपथ घेणारा माणूस तू. खरंखोटं मलाही थोडं कळतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलंच नाहीस. असो. पडद्यांबाबत भावजयीचं ऐक.

रागावलेली तरी तुझीच,
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुला रडवल्याबद्दल त्या माणसाचा मला इतका राग आला की आज एका निरपराध किराणावाल्याचे सगळे काटे मी दोनदा तपासले.

पण आज वेगळ्याच कारणाने लिहितोय. एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नाही. वडिलांनी शेवटच्या आजारात मला जवळ बोलावून एक गुपित सांगितलं होतं. त्यांना एक मोठी बहीण होती. म्हणजे आपली सख्खी आत्या. घरच्यांशी भांडून ती निघून गेली आणि आजोबांनी तिचं नाव टाकलं. त्यानंतर घरात तिचा उल्लेख कुणी केला नाही. ती उंच होती, चांगलीच उंच, दारातून वाकून आत यायची. डाव्या पायाने किंचित लंगडायची. ऊन असो वा नसो, तिच्या हातात जांभळी छत्री असायची. काखेत एक लठ्ठ मांजर असे. ती शीळ वाजवायची. आणि कुणाचंही ऐकायची नाही, पुरुषांचं तर नाहीच.

परलोकवाल्यांचं एवढं चालतंच आहे, तर या आत्यालाही बोलावून बघ. त्यांना फक्त "वडिलांची बहीण" एवढंच सांग. छत्री, मांजर काही बोलू नकोस, म्हणजे त्यांची खरी कसोटी लागेल. काय झालं ते उलट टपाली कळव.

मायेचं वजन कमी भरू देऊ नकोस, ही वि.

तुझा,
भाऊ

६ मार्च

चि. तराजूस,

अ. आ. वि. वि. आत्या आली!

तू सांगितलंस तसं मी फक्त "वडिलांची बहीण" म्हटलं. परलोकवाल्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि बाईचा आवाज आला. म्हणजे पुरुषाने नाक दाबून काढावा तसा, पण बाईचाच. ती म्हणाली, "पोरी, फार उशीर केलास." मी तिला विचारलं की तू मला ओळखतेस का, तर म्हणाली की तुझं नाक माझ्यावर गेलंय. सगळ्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. काकू म्हणाली, खरंच की.

आणि ऐक, काकूला आत्या आठवते! लग्न होऊन ती नवीनच घरात आली होती तेव्हा आत्या एकदा येऊन गेली म्हणे. माझ्या तोंडून चुकून छत्रीचं निघून गेलं, तर काकू म्हणाली की छत्रीच काय, तिने माझी शालसुद्धा नेली ती परत दिलीच नाही. पडद्यामागून आत्या लगेच म्हणाली की शाल मीच नेली, थंडी होती. काकू आधी हरखली आणि मग भांडायला लागली. अर्धा तास शालीवर वाद झाला. तुझ्या भावजींची पाळीच आली नाही, ते तसेच तिकडे ताटकळत राहिले.

मांजर मात्र आत्याला आठवेना. तिकडे गेल्यावर माणूस मांजरांच्याही पलीकडे जातो.

काकूने आता आत्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली आहे. पडद्यांचं काय झालं?

सगळ्यांच्या वतीने आणि आत्याच्याही वतीने आशीर्वाद.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पकडला! अंगठ्यासकट पकडला!

ताई, आता शांतपणे वाच. आपल्याला आत्या नव्हती. वडिलांना बहीण नव्हती, मोठी नव्हती, धाकटीही नव्हती. वडिलांनी मला कसलंही गुपित सांगितलं नाही. शेवटच्या आजारात ते फक्त पंखा बंद करायला सांगत होते. ती उंच बाई, ती छत्री, ते मांजर, सगळं मी या टेबलावर बसून रचलं. तुमचे परलोकवाले जन्मालाच न आलेल्या बाईला मृत्यूनंतर घेऊन आले! यापुढे भावजींचं "मुळीच नाही" किती खरं ते तूच ठरव.

काकूलाही हे पत्र दाखव. तिची शाल कुणी नेली हे मला माहीत नाही, पण आत्याने नेली नाही, एवढं मी लिहून देतो.

मी इतका खूश आहे की हिने पडद्यांची परवानगी मागितली ती मी दिली.

शंका फिटल्या असतील अशी आशा करणारा, पण लोभ न फिटो असं म्हणणारा,

तुझा,
भाऊ

१७ मार्च

चि. तराजूस,

अ. आ. वि. वि. तुझं पत्र काकूने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

काकू म्हणाली की या पोराला पहिल्यापासून आत्याचा दुस्वास. तू जन्माला यायच्या आधी आत्या निघून गेली तेव्हा दुस्वास कधी केलास हे मीही विचारलं, तर म्हणाली की रक्तात असतं ते. एका मैत्रिणीने सुचवलं की आत्याच्या इस्टेटीवर तुझा डोळा असेल. मग थेट आत्यालाच विचारलं. तिने उसासा टाकला आणि म्हणाली की मला माहीत होतं, एक दिवस भाचा मला नाकारेल. काकूच्या डोळ्यांना धार लागली. शालीचं भांडणही तिने मिटवून टाकलं, म्हणाली, वापर बाई तिकडे.

आता दर गुरुवारी आत्याच असते. काकूच्या संधिवाताला तिने गरम पाण्याचा शेक सांगितला, बरं वाटतंय. तुझ्यासाठी निरोप आहे की गोड कमी खा आणि खोटं बोलू नकोस.

पुढच्या गुरुवारी लग्नाचा विषय पुन्हा काढायचा आहे. आत्या आणि तुझे भावजी समोरासमोर बसणार आहेत. म्हणजे दोघंही परलोकवाल्यांच्यातच, पण खुर्च्या दोन ठेवल्यात.

आत्या नाकारली तरी बहीण नाकारू नकोस.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. ह्यांच्या नकळत लिहितेय.

तुमचं पत्र आल्यापासून हे जेवणाच्या टेबलावरून मध्येच उठतात आणि भिंतीला सांगतात की ती नव्हतीच, मी रचली होती. कचेरीत साहेबांना सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की आत्या कधी वारल्या. दोन दिवसांची रजा दिली.

घरभर जुने फोटो पसरलेत. आत्या नाही याचा पुरावा हवा म्हणून आत्या नसलेले फोटो शोधतात. असे पुष्कळ सापडलेत. काल एका फोटोत मागे कुणीतरी उंच दिसलं तर पांढरे पडले. तो दाराचा खांब होता.

वन्सं, आत्याबाई होत्या की नव्हत्या ते मला ठाऊक नाही. पण मी विरोध केला तर ह्यांच्यापुढे माझं काही चालत नाही, आणि परवा मी नुसतं म्हटलं की आत्याबाई असत्या तर त्यांनी जांभळे पडदे घेतले असते, तर हे उठून खिडकीचं माप घ्यायला लागले. पडदे आलेत. छान दिसतात.

तुमच्या लग्नाविषयी हे एक शब्द बोलत नाहीत, पण चष्मेवाल्यांच्या बटणांचं पत्र पाकिटात ठेवून हिंडतात.

मोठ्यांना नमस्कार, आणि मोठ्यांत आत्याबाईही आल्या असं समजावं.

तुमची भावजय

२८ मार्च

चि. तराजूस,

अ. आ. वि. वि. हे पत्र चष्मेवाले स्वतः टाकायला गेलेत, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आत्या आल्यापासून माझी पत्रं काकू टाकण्याआधी वाचायची आणि तुझी माझ्या हातात देण्याआधी. तुझं "पकडला" ऐकताना मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून हसू आवरलं.

अरे वेड्या, आत्या नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उंच, दारातून वाकून येणारी, डाव्या पायाने लंगडणारी, हातात जांभळी छत्री, काखेत लठ्ठ मांजर. मुरांब्याची बरणी फोडून गेली ती हीच बाई! तू पाच वर्षांचा होतास, आईसमोर उभा राहून अगदी याच क्रमाने सांगितलं होतंस, फक्त तेव्हा ती शीळ वाजवत नव्हती. तू विसरलास, मी विसरले नाही, कारण मार मी खाल्ला होता. खोटं रचताना माणसाच्या हाताशी जुनंच येतं, हे वीस वर्षं काटे तपासून तुला कळायला हवं होतं.

तरीही तिला बोलवायला मी सांगितलं. ती आली आणि म्हणाली की तुझं नाक माझ्यावर गेलंय. सगळ्या बायका माझं नाक बघत होत्या, आणि मला एवढंच कळत होतं की बरणी फोडणारी बाई जर इथे येऊ शकते, तर तुझे भावजी कधी आलेच नव्हते. "अगं ऐकलंस का" हेही त्या माणसाचंच होतं. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा विधवा झाले रे. दुकान उघडलं, कुणाची तरी कंबर सैल केली, आणि टीप सरळ येईना. खूप रडले.

मग हळूहळू बरं वाटायला लागलं. म्हणजे "मुळीच नाही" हेही यांचं नव्हतं. माझा नवरा तसं म्हणणारच नाही. खरोखर विचारता आलं असतं तर काय म्हणाले असते हे मला कुणी पडद्याआडून सांगायला नको होतं. म्हणाले असते, तू बघ.

तर मी बघितलं. परलोकवाल्यांना हाकललं असतं तर काकूने दुसरा कुणी आणला असता, आणि त्याने पुन्हा यांना आणलं असतं. काकूला दुखवून मला लग्न करायचं नव्हतं, तिने आईसारखं केलंय माझं. पण ती शालीत अडकली होती. आत्या खरी असं एकदा म्हणून बसली, आता आत्या जे म्हणेल ते तिला मानणं भाग होतं. राहिले परलोकवाले. त्यांना ट्रायल रूम सुटायची भीती होती, म्हणून तर "मुळीच नाही". मी चहा देताना सहज म्हणाले की समोर डोळे तपासायची खोली केवढी काळोखी आहे, आणि तिथली खुर्ची वरखाली होते. त्यांनी बिस्कीट बुडवलं ते कपातच राहिलं. मग मी हेही म्हणाले की आमच्या आत्याने म्हणे साठाव्या वर्षी तिसरं लग्न केलं होतं.

गुरुवारची बैठक तू पाहायला हवी होतीस. तुझे भावजी म्हणाले मुळीच नाही. आत्या कडाडली की तू कोण आमच्या पोरीला नाही म्हणणारा. ह्या खुर्चीतून त्या खुर्चीत उड्या मारून परलोकवाल्यांना धाप लागली. शेवटी आवाजांची सरमिसळ झाली, आत्या पुरुषी आवाजात ओरडायला लागली आणि हे नाकात बोलायला लागले. आत्या जिंकली. काकू उठली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली की थोरल्या नणंदेचा शब्द मी मोडणार नाही.

परलोकवाल्यांना काल अंधाऱ्या खोलीत त्या वरखाली होणाऱ्या खुर्चीत बसवलं. पण तिथे आधी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचावी लागतात, तो त्या खोलीचा नियम आहे. तिसरी ओळ त्यांना वाचता येईना. पार पलीकडचं दिसणाऱ्या माणसाला जाड भिंगाचा चष्मा लागला. तो लावून परत आल्यावर त्यांनी प्रथमच ट्रायल रूम नीट पाहिली आणि म्हणाले की अरेरे, इथे फारच कोंदट आहे. आता झाडूची यंत्रं पुन्हा विकावीत असा त्यांचा विचार चाललाय. मी म्हणाले, एक मी घेईन.

लग्न मे महिन्यात बारा तारखेला, नोंदणी कचेरीत. मी आणि चष्मेवाले, काकू, आणि तुम्ही दोघं. कोटाला सगळी बटणं मी लावली आहेत, दुहेरी धाग्याने.

एकच राहिलं. तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. परलोकवाल्यांवर तू किती लिहिलंस, अंगठा, पारडी, तक्ते. पण मी पहिल्याच पत्रात एक विचारलं होतं, त्याचं उत्तर कुठेच नाही. मेलेल्यांनी सांगितलं, न जन्मलेलीने सांगितलं. जिवंत माणूस मला एकच होता, तो काटा तपासत राहिला.

वाट पाहणारी,
ताई

१ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. हिने विचारलं काय झालं, तर म्हणालो की बरणी मीच फोडली होती.

ताई, लग्न कर. मला चष्मेवाले आवडतात. ज्या दिवशी बटणांचं पत्र आलं त्याच दिवशी मला फार आनंद झाला होता, पण तू माझ्याऐवजी भावजींना विचारतेस याचा राग आला, आणि आनंद लिहायचा राहून गेला. हे आत्याचं मत नाही. माझं आहे, माझ्या सहीचं.

साक्षीदार म्हणून मी येतो. हिच्या पडद्यांतलं कापड उरलं होतं, तिने त्याची छत्री करून आणली आहे. ऊन असो वा नसो, काकूसमोर ती मी धरणार आहे.

आता आशीर्वाद द्यायला तूच मोठी आहेस, तो दे. लोभ आहे, तो नीट मोजून पाहिला, भरपूर भरला.

तुझा,
तराजू

ता. क. आत्या शीळ वाजवायची, हे पाच वर्षांचा असताना मी खरंच सांगितलं नव्हतं का?